सोफेवाल्याची टकळी

सोफेवाला लहानपणापासून बोलताना अडखळायचा. शब्दाचं पहिलं अक्षर ओठांपर्यंत यायचं आणि तिथेच ठाण मांडून बसायचं. शाळेत पोरांनी त्याचं नाव ‘फटफटी’ ठेवलं होतं. ती पोरं मोठी झाली, त्यांना टकलं पडली, ती आपापल्या पोरांना शाळेत सोडायला लागली, तरी रस्त्यात भेटला की “काय फटफटी, बरं चाललंय ना?” असं प्रेमाने विचारायची. प्रेमाने, हे मुद्दाम सांगायला हवं. माणसं प्रेमाने काय काय करतात याला काही सुमार नाही.

त्याहून वैताग म्हणजे त्याचे शब्द पुरे करणारे लोक. तो ‘ब’वर अडकला की समोरचा घाईघाईने “बरोबर? बसू? बारीक?” असे शब्द त्याच्यापुढे टाकायचा, आणि हा दमून त्यातल्याच एकाला मान डोलवायचा. बाजूचे केस थोडे कमी करा, एवढंच सांगायला गेलेला हा माणूस एकदा न्हाव्याकडून सगळं डोकं भादरून घरी आला होता. त्याच्या बायकोला महिनाभर हसू आवरत नव्हतं.

बायको हॉस्पिटलमध्ये चौकशीच्या खिडकीत बसायची. “सरळ जा, डावीकडे वळा, दुसरा मजला, पाच नंबर,” हे ती दिवसातून शेकडो वेळा एका दमात सांगायची. नवऱ्याचे शब्द तीही पुरे करायची, पण तिचे बहुतेक वेळा बरोबर निघायचे. संसार चालायला तेवढं पुरतं.

तळमजल्यावरची पुढची खोली म्हणजे त्याचं दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत घर. दुकानात कायम एखादा सोफा पाय वर करून पडलेला असायचा. जुनं कापड फाडायचं, सैल झालेले पट्टे बदलायचे, नवा स्पंज घालायचा आणि वरून नवीन कापड ताणून बारीक खिळ्यांनी ठोकायचं. कापड ताणायला एक हात लागतो आणि हातोडी धरायला दुसरा, म्हणून खिळे तोंडात धरायचे. जिभेने एकेक खिळा ओठांवर आणायचा, हातोडीच्या चुंबकाने तो उचलायचा आणि ठोकायचा. या कामात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. शिवाय तोंडात खिळे असलेल्या माणसाकडून बोलण्याची अपेक्षा कोणी करत नाही. गिऱ्हाईक बोलायचं, हा माना डोलवायचा, काम चोख व्हायचं. हाच धंदा का निवडलास, असं त्याला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी उत्तर मिळेपर्यंत कोण थांबणार होतं?

एक मात्र थांबायची. ती म्हणजे त्याची साडेचार वर्षांची मुलगी. तिला चांगलं नाव होतं, पण ते फक्त बालवाडीच्या हजेरीत वापरात यायचं. घरीदारी ती टकळी. झोपेतून उठताना अर्ध्या वाक्यापासून सुरुवात करायची, कारण पहिलं अर्धं ती झोपेतच बोललेली असायची. नळाशी बोलायची, मुंग्यांना रागवायची. “बाबा, सोफ्याला चार पाय आहेत तर तो आपला आपण का नाही आला? टेम्पोत बसून का आला? आळशी आहे का?” हे विचारून उत्तराला न थांबता “आळशीच आहे,” असं ठरवूनही टाकायची. शेजारीपाजारी म्हणायचे, बापाचा कोटाही हिनेच उचललाय.

पण बाबाला बोलायचं असलं की टकळी थांबायची. तो शब्दावर अडकला की त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत उभी राहायची. तिने कधी त्याचा एकही शब्द पुरा केला नाही. तिला ते सुचलंच नव्हतं. बाबाचे शब्द असेच येतात, काही लवकर येतात, काही उशिरा, इतकी साधी गोष्ट होती तिच्या लेखी. एकदा तिची मैत्रीण कंटाळून निघाली तेव्हा टकळीने तिचा फ्रॉक धरून ठेवला. “थांब गं, बाबाचा शब्द येतोय.”

दुपारी बालवाडीतून आल्यावर दोघांचा एक ठरलेला कार्यक्रम असे. कुठलाही जुना सोफा फाडला की आधी टकळीने आत हात घालायचा. सोफ्याच्या पोटात काय काय सापडायचं! कंगवे, पेनांची टोपणं, केसातल्या पिना, औषधाच्या गोळ्या, अर्धी बिस्किटं. ते सगळं एका थाळीत मांडायचं आणि कोणाचं काय, कसं पडलं, याची गोष्ट रचायची. एक वाक्य तिचं, एक बाबाचं. तिची वाक्यं वारा सुटल्यासारखी, त्याची रखडत, पण गोष्ट पुढे सरकायची. दिवसभरात सोफेवाला मनापासून बोलायचा तो तेवढा एक तास. मग सगळ्या वस्तू कागदी पिशवीत भरून गिऱ्हाइकाला परत करायच्या, आणि ते काम टकळी स्वतःकडेच ठेवायची.

“आजोबा,” एका कडक इस्त्रीतल्या रिटायर साहेबांना तिने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, “तुमच्या सोफ्याने तुमचा दात खाल्ला होता. बाबाने त्याचं पोट फाडून काढला. आता नीट घासून लावा.” साहेब लालबुंद झाले. सोफेवाला मागे वळून इतका हसला, की तोंडातले सगळे खिळे त्याला हातावर घ्यावे लागले.

आणि मग एक दिवस बालवाडीच्या बाईंनी टकळीच्या आईला बाजूला घेतलं. “गेले काही दिवस ती अडखळतेय. म-म-मला, त-त-ताई, असं करतेय. लक्ष ठेवा.”

घरातही ते सुरू झालंच होतं, पण ऐकून न ऐकल्यासारखं करता येत होतं तोवर दोघांनी तसं केलं होतं. टकळीला स्वतःला त्याचं काहीच वाटत नव्हतं. उलट त्या संध्याकाळी ती ‘प’वर अडकली, सुटली, आणि टाळ्या वाजवत ओरडली, “बाबा, माझापण शब्द अडकला! तुझ्यासारखा!”

बायकोने सोफेवाल्याकडे क्षणभरच बघितलं आणि ती पोळ्या लाटायला लागली. पण तेवढा क्षण पुष्कळ होता.

डॉक्टर भले होते. त्यांनी टकळीशी बराच वेळ गप्पा मारल्या, म्हणजे तिने मारल्या आणि त्यांनी ऐकल्या. मग त्यांनी विचारलं, “घरात आणखी कोणी अडखळतं का?”

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्याला ‘मी’ एवढंच म्हणायचं होतं. ‘म’ अडकला. डॉक्टर वाट बघत राहिले.

“येतोय,” टकळीने डॉक्टरांना धीर दिला.

डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. या वयात पुष्कळ मुलं अडखळतात, डोकं पुढे धावतं आणि जीभ मागे राहते. काही घराण्यांत ते थोडं जास्त असतं, पण ऐकून ऐकून कोणी तसं शिकत नाही. बहुतेकांचं काही महिन्यांत आपोआप जातं. तिला टोकू नका, तिचे शब्द पुरे करू नका, घाई करू नका. आणि बापाकडे वळून म्हणाले, “तुम्ही तर भरपूर बोला तिच्याशी. तुमचं काही तिला लागत नाही.”

इतकं स्पष्ट सांगितलं होतं. पण बायकोच्या डोक्यात राहिला तो फक्त त्यांचा प्रश्न, घरात आणखी कोणी अडखळतं का. दिवसभर लोकांना डावीकडे-उजवीकडे नीट सांगणारी ही बाई, स्वतःला सांगितलेलं तिला एवढंच ऐकू आलं. तिला तरी काय बोल लावायचा? पोरीच्या काळजीने तिचा जीव अर्धा झाला होता.

दोन दिवसांनी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, “हे बघ, मी तुला दोष देत नाहीये.”

हे वाक्य ऐकलं की दोष आलाच, हे कोणालाही कळतं.

“फक्त थोडे दिवस. तिच्यासमोर तू जरा कमी बोललास तर? ती सारखी तुझ्याकडे बघते रे. तुझ्या ओठांकडे बघत बसते. मला बघवत नाही.”

त्याला म्हणायचं होतं, बघ, डॉक्टर काय म्हणाले ते आठव. “ब-ब-ब...”

“बरं ना?” बायकोने विचारलं. तिचे डोळे भरले होते.

नाही, असं त्याला हातानेही सांगता आलं असतं. कागदावर लिहिता आलं असतं. पण त्याला शाळेचं मैदान दिसलं, मधल्या सुट्टीत कडं करून उभी राहिलेली पोरं दिसली, आणि त्या कड्याच्या मध्ये स्वतःच्या जागी टकळी दिसली. डॉक्टर चुकत असले तर? त्याने मान डोलवली.

दुसऱ्या दिवसापासून टकळी बालवाडीतून यायच्या वेळी तो तोंडात खिळे भरून ठेवायला लागला. ठोकायचं काही नसलं तरी भरायचा. चव लोखंडाची, जीभ सोलवटलेली, पण तोंड बंद. सकाळ-संध्याकाळ, जेवतानाही, तिच्यासमोर तो मानेनेच हो-नाही करायचा.

“बाबा, थुंक ना ते खिळे.”

तो मान हलवायचा.

“गोष्ट कोण सांगणार मग? हा बघ कंगवा. कोणाचा आहे? सांग ना. एकच वाक्य सांग. छोटंसं सांग.”

तो हातोडी उचलायचा. चार दिवस ती रुसली, तिने पाय आपटले, त्याच्या पाठीत बुक्क्या मारल्या. पाचव्या दिवशी तिने आईला विचारलं, “बाबा माझ्यावर रागावलाय का?” आई म्हणाली, “नाही गं, त्याला काम खूप आहे.” टकळीला ते पटलं नाही, पण तिने आपल्यापुरता तोडगा काढला. ती थाळी घेऊन सोफ्याच्या सांगाड्यात बसायची आणि दोघांची वाक्यं एकटीच बोलायची. आधी स्वतःचं भराभर, मग मान तिरकी करून, आवाज जाड काढून बाबाचं. आणि बाबाचं वाक्य ती अगदी बाबासारखं अडखळत बोलायची. हुबेहूब, एकही अडखळ न चुकवता. बायकोने ते दारातून ऐकलं आणि पोर हे बापाकडूनच उचलतेय, अशी तिची खात्रीच पटली. ते ऐकताना सोफेवाला हातोडी थांबवायचा. निदान पोरीकडे आपला आवाज आहे, असं त्याला वाटायचं.

दोन महिने गेले. तीन गेले. टकळीचं अडखळणं कमी होत होत एक दिवस नाहीसं झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच, आपोआप. बालवाडीच्या बाईंनी शाबासकी दिली. बायकोने त्या दिवशी घरी आल्या आल्या पोरीला कडेवर घेऊन गरगर फिरवलं आणि नवऱ्याला म्हणाली, “बघितलंस? तू बोलणं थांबवलंस आणि केवढा फरक पडला!”

ती किती मनापासून बोलत होती! उपकार मानत होती ती त्याचे. तो वाट बघत राहिला की पुढे काहीतरी येईल. आता झालं, आता बोल. तसं काही आलं नाही. तिच्या मनातही नव्हतं. बरं झालेल्या माणसाचं पथ्य कशाला मोडायचं?

एका दुपारी त्याच्या लक्षात आलं की टकळीच्या गोष्टीतला बाबा आता अडखळत नाही. आवाज तसाच जाड, मान तशीच तिरकी, पण वाक्यं गुळगुळीत, एका दमात. तो कसा बोलायचा हे ती विसरून गेली होती. सोफ्याच्या सांगाड्यात कोणीतरी परका माणूस तिच्याशी बाप म्हणून बोलत होता.

त्या रविवारी त्याने ठरवलं, बस्स झालं. सकाळी तोंडात एकही खिळा घेतला नाही. पहिलं वाक्य कुठलं, तेही त्याने ठरवून ठेवलं. आज गोष्ट मी सुरू करतो. दाढी करताना आरशात दहा वेळा म्हणून बघितलं. अकराव्या वेळी जवळजवळ सरळ आलं.

तो दुकानात आला तर एक बाई आलेल्या. नवीन गिऱ्हाईक, प्रेमळ चेहऱ्याच्या. बायको त्यांना कापडाचे नमुने दाखवत होती. टकळी सोफ्याच्या हातावर घोडा करून बसलेली.

“किती दिवस लागतील हो?” बाईंनी त्याला विचारलं.

त्याने तोंड उघडलं.

“बाबाला बोलता येत नाही,” टकळी म्हणाली. सोफ्याला चार पाय आहेत म्हणावं, तशी. “काय ते मला विचारा. आठ दिवस लागतील. आत काही सापडलं तर पिशवीत घालून देऊ.”

“अरेरे,” बाई म्हणाल्या. मग बायकोकडे वळून हलक्या आवाजात, “जन्मापासून का?”

सोफेवाल्याने बायकोकडे बघितलं. तिने फक्त ‘नाही हो’ म्हणायचं होतं. दोन शब्द, तेही शेकडो लोकांना रोज उत्तरं देणाऱ्या बाईने. बायकोची मान खाली गेली. ती कापडाचे नमुने एकावर एक नीट रचायला लागली. “या निळ्याचा रंग जात नाही,” ती म्हणाली.

मग तो स्वतःच पुढे झाला. “म-म-म...” घसा ताणला गेला, मान झटके द्यायला लागली. इतक्या महिन्यांनी शब्द आणखी खोल जाऊन बसले होते. बाई घाबरून एक पाऊल मागे सरकल्या.

टकळी सोफ्यावरून उतरली. त्याच्या जवळ येऊन तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि आजारी माणसाशी बोलतात तितक्या मायेने म्हणाली, “राहू दे बाबा. त्रास नको करून घेऊस. मी सांगते ना त्यांना.”

आणि बाईंकडे वळून तिने निळं कापड किती छान दिसेल ते सांगायला सुरुवात केली. एका दमात, कुठेही न अडखळता.