येलदरीकरांची फर्माईश

आमच्याकडे बँड म्हटलं की वरात. लाल कोट, पितळी वाद्यं आणि घामाघूम नवरदेव. त्यामुळे सेलूला एका मैदानावर पंचविशीतली चार पोरं साध्या शर्टात उभी राहून स्वतः रचलेली गाणी म्हणायला लागली, तेव्हा माझ्या शेजारची बाई म्हणाली, "ह्यांचा डरेस आला न्हाई वाटतं अजून." मी मात्र त्याच दिवशी त्यांची झाले. वालूरच्या शाळेत शिकवणारी, चाळिशीतली, संसारी बाई, आणि अशी येडी झाले.

कारण त्यांचं येष्टीचं गाणं. "हात केला म्या, येष्टी गेली, धुरळा तेवढा राहिला." एवढंच धृपद. त्यांचा गायक दिवसा मोबाईलच्या दुकानात कामाला होता, पण ही ओळ तो अशी म्हणायचा की अर्धं आयुष्य फाट्यावर उभं राहून काढलेल्या माणसाला भरून यावं. मी त्यातलीच. माझ्या भाषेत, माझ्याच धुरळ्याचं गाणं मी तोवर ऐकलं नव्हतं.

मग दोन-तीन वर्षं जिथे त्यांचा कार्यक्रम तिथे आम्ही. पाथरी, जिंतूर, मानवत, कुठल्या कॉलेजचं गॅदरिंग, कुठला गणपती. नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, डब्यात दशम्या घेऊन. त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तो यायचा आणि खुर्चीवर बसल्या बसल्या छान झोपायचा. आता आठवलं की वाटतं, आमच्या संसारातले ते सगळ्यात बरे दिवस होते.

अडचण एकच होती. बोलावणाऱ्या मंडळींना सिनेमाची गाणी हवी असत. पोरांची स्वतःची गाणी वाजायची ती फक्त फर्माईश आली तर. फर्माईश म्हणजे चिठ्ठी. कागदावर गाणं आणि आपलं गाव लिहायचं, चिठ्ठी हातोहात स्टेजपर्यंत जाते आणि पेटीवाला ती माईकवर वाचतो. बायकांच्या बाजूने एकाच बाईची चिठ्ठी सारखी गेली तर लोक माना वळवून बघतात. म्हणून मी गावांच्या नावाने चिठ्ठ्या लिहायला लागले. कधी डावीकडे झुकलेलं अक्षर, कधी पाटीवर गिरवल्यासारखं. आणि गाव कोणतं लिहायचं म्हटलं की हाताला सवयीने माहेरच सुचायचं. माझे वडील येलदरीच्या वीजघरात होते, मी धरणाच्या कॉलनीत वाढले. "समस्त येलदरीकर." "येलदरीचे गानप्रेमी." एकदा तर "येलदरी महिला मंडळ."

"तुझ्यामुळं येलदरीची लोकसंख्या वाढायलीय," नवरा म्हणायचा.

मी हसायचे. चिठ्ठी वाचली जायची, गायक "येलदरीकरांसाठी" म्हणून डोळे मिटायचा, येष्टीचं गाणं सुरू व्हायचं. ह्यात कुणाचं काय बिघडतंय, असं मला मनापासून वाटत होतं.

मग एका उन्हाळ्यात मोबाईलवर त्यांची जाहिरात आली. येलदरीकरांच्या खास आग्रहास्तव, रविवारी दुपारी चार वाजता, धरणाच्या पायथ्याशी, फक्त आमची स्वतःची गाणी.

मी मोबाईल तसाच पुढे सरकवला. नवऱ्याने जाहिरात वाचली आणि पहिल्यांदाच थट्टा केली नाही.

आम्ही गेलो. पोरांनी टेम्पो करून स्पीकर आणले होते, सतरंज्या अंथरल्या होत्या. त्या सतरंज्यांवर आम्ही दोघं, चहाच्या टपरीवरचे तीन म्हातारे, आणि बाजूला जाळं विणत बसलेला एक मासेमारी करणारा माणूस. तो तर सतरंजीवरही नव्हता, दगडावर होता. पोरं तास-दीड तास रस्त्याकडे बघत थांबली. गायक म्हणाला, "येतीलच. उन्हं उतरायची वाट बघायलेत." मग उन्हं उतरली आणि त्यांनी सुरू केलं. त्यांची होती नव्हती तेवढी नऊ गाणी त्यांनी म्हटली. मी एकदाही मान वर केली नाही.

संपल्यावर तो दगडावरचा माणूस जाळं बाजूला ठेवून पुढे आला. "त्ये येष्टीचं आजून एकदा म्हना की," म्हणाला. पोरांनी म्हटलं. तो उभ्यानेच ऐकत राहिला, हात पुसत, आणि पुन्हा जाळ्याकडे गेला.

टपरीवर चहा घेताना मी गायकाला सांगून टाकलं. "त्या चिठ्ठ्या माझ्या होत्या रे."

"कोनत्या, ताई?"

"येलदरीच्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्याने कप खाली ठेवला. मग हसला, आणि ते हसणं मला रागावण्यापेक्षा जड गेलं. म्हणाला, "आमचे मामा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात या म्हनून मागं लागलेत. आमी त्यांना सांगितलं, आमचं गानं मागणारं एक आख्खं गाव हाय." मग म्हणाला, "आता गणपतीत बघू. खरी चिठ्ठी आली तर म्हनू. तुमी लिहू नका, ताई." मी शपथ घेतली.

गणपतीत जिंतूरला कार्यक्रम होता, संध्याकाळी पाचचा. मी पर्समध्ये पेनसुद्धा ठेवलं नाही. पाच-सहा गाणी झाली, सगळी सिनेमाची. मग पेटीवाल्याने एक चिठ्ठी उघडली, वाचली आणि त्याला हसू आवरेना. "येलदरीहून फर्माईश हाय. येष्टीचं गानं."

गायकाने थेट बायकांच्या बाजूला बघितलं, मला शोधलं आणि लांबूनच हात जोडले. मी मान हलवली, नाही, नाही, माझी नाही. त्याला ती माझी मस्करीच वाटली. चिठ्ठी त्याने शर्टाच्या खिशात टाकली आणि पुढचं सिनेमाचं गाणं धरलं.

आणि मला तो दिसला. पुरुषांच्या बाजूला, मंडपाच्या खांबाला टेकून, धुतलेला पांढरा सदरा घालून, तोच दगडावरचा माणूस. तो वाट बघत होता. ते गाणं संपलं, दुसरं झालं. तिसऱ्याला त्याने मनगटावर बघितलं. येलदरीची शेवटची गाडी सुटायची वेळ झाली होती.

मी उठले. मांड्या, पिशव्या, झोपलेली लेकरं ओलांडत स्टेजपर्यंत पोचले. "ती चिठ्ठी खरी आहे," मी गायकाला म्हणाले, "तो माणूस आलाय, त्या खांबापाशी." त्याने वाकून बघितलं. खांबापाशी कुणी नव्हतं.

"असू द्या ताई," तो म्हणाला. मायेनेच म्हणाला. माझ्या शब्दाला आता वजन राहिलं नव्हतं, आणि ते मीच घालवलं होतं.

दिवाळीनंतर पोरं मामांच्या ऑर्केस्ट्रात गेली. आता त्यांना डरेस आहे, निळा, चमकीचा. वाजवतात छान. मी जात नाही.

परवा माहेरच्या जुन्या शेजाऱ्यांकडे लग्न होतं, म्हणून आम्ही दोघं येलदरीला गेलो होतो. तो माणूस धरणाखाली जाळं विणत होता. मला त्याने लगेच ओळखलं.

"बाई, त्या दिवशी जिंतूरला माझी गाडी व्हती, म्या निघालो," तो म्हणाला. "मागून म्हनले का त्यांनी माजं गानं?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो पाण्याकडे बघत होता.

"म्हणले," मी म्हणाले. "तुमच्या गावाचं नाव घेऊन म्हणले."

"वाटलंच मला," असं म्हणून त्याने पुन्हा जाळं हातात घेतलं.