दोन आखूड, एक लांब

पांढरा डबा माझ्या हातात होता. त्याची वायर माझ्या पायाशी लोंबत होती, पिन कशातच नव्हती. आणि समोर सारिकाच्या स्क्रीनवर तोच डबा वाशीच्या दुकानात चालू आहे असं दिसत होतं. नावापुढं हिरवा ठिपका. खाली एक रेघ वर चढत होती, उतरत होती.

"आज्जी, तो डबा खाली ठेव," सारिका म्हणाली.

"ठेवून काय व्हणार? चालूच न्हाय तो."

"मला म्हायतंय चालू न्हाय. तरी ठेव."

ठेवला. टेबलाखालच्या जुन्या कम्प्युटरचा पंखा परत घुमला – दोनदा थोडका, मग एकदा लांब. मग गप्प. तिकडं गॅसवर माझा तवा तापून धूर सोडत होता. तो ठेवलाय हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

दत्ता – म्हणजे माझा मुलगा, सारिकाचा बाप – वाशीला दुकानात होता. तो फोन उचलत नव्हता.

आता मागचं सांगते, म्हणजे कळेल.

आमचं गाव येरमाळ्याहून वाशीकडं जाताना आतल्या बाजूला आहे. ही वाशी मुंबईकडची नव्हे, आमच्या तालुक्याची; जवळच, मोटारसायकलवर पान खाऊन होईस्तोवर येते. मी चौथी शिकले. वाचता येतं, लिहिता येतं, तेवढं पुरलं. येडाई देवीच्या यात्रेत ज्या बायांच्या अंगात येतं त्यांना मी तांब्याभर पाणी पाजून सावलीला बसवते, बहुतेकींचं पाण्यानंच उतरतं. या पानावर लोक असले अनुभव लिहितात ते मी वाचते आणि निम्मं खोटं म्हणून सोडून देते. माझंही तुम्ही सोडलंत तर माझी हरकत नाही. पण झालं ते असं झालं.

सारिका पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. एका ऑफिसातली माहिती दुसऱ्या ऑफिसात जाताना वाटेत कुणी वाचू नये म्हणून ती कुलूप लावून पाठवायची, असं ते काम. त्याला व्हीपीएन म्हणतात. सारिका नुसतं टनेल म्हणते. तिच्या टनेलचं एक टोक आमच्या घरात, दुसरं दत्ताच्या खत-बियाण्याच्या दुकानात. दोन्हीकडं वेगवेगळे राउटर लावायचे, कधी राउटरच्या जागी अख्खा कम्प्युटर लावायचा, आणि कशातून किती वेग मिळतो ते मोजायचं. महिनाभर घरात हेच चाललं होतं.

मी तिला एकदा विचारलं, "तार तीच हाय, मग वेग कमी-जास्त का व्हतो?"

"आज्जी, आपला हरभरा आडतीवर जायला उशीर कशानं व्हतो? रस्त्यानं का पोती शिवण्यानं?"

"शिवण्यानं. शिवणारा एकच असला की ट्रक उभाच."

"मग तसंच हाय हे. टनेलमधी प्रत्येक पोतं इकडं शिवायचं, तिकडं उसवायचं. शिवणारा म्हणजे प्रोसेसर. हा पांढरा डबा राउटर हाय, त्यातला पोरगा बारका हाय, लगेच थकतो. टेबलाखाली जो कम्प्युटर हाय त्यात दांडगा गडी बसलाय."

मला पटलं. पांढऱ्या डब्याच्या वेगाचा आकडा चाळिशीच्या वर कधी गेला नाही, कितीही ताणा. टेबलाखालच्या दांडग्याला काम आलं की त्याचा पंखा घुमायचा. मी पीठ मळता मळता आतून म्हणायची, "आलं गं पोतं." सारिका हसायची.

दसऱ्याला मी विळ्या-खुरप्यांबरोबर या डब्यांनाही कुंकवाचं बोट लावलं. रीत म्हणून, दुसरं काही नाही. पांढऱ्यावर ते पसरलं. पुसलं तरी गुलाबी डाग राहिलाच. सारिका चिडली होती, कंपनीचा माल आहे म्हणून. त्यामुळं तो डबा मला वाचून ओळखावा लागत नाही.

अजून एक सांगायचं राहिलं – हॉर्न. दत्ता दुपारी जेवायला घरी यायचा. मारुतीच्या वळणावर आला की हॉर्न द्यायचा. दोन आखूड म्हणजे एकटा येतोय. दोन आखूड आणि मागं एक लांब म्हणजे शिवाप्पा बरोबर आहे, भाकरी जास्त टाक. हॉर्न झाला की मी तवा ठेवायची. इतकी वर्षं झाली, हात आपोआप जायचा.

शिवाप्पा दुकानातला हमाल. नळदुर्गच्या पलीकडचा, सीमेवरचा. घरात कानडी बोलतो, आमच्यात मराठी. मला अव्वा म्हणतो, म्हणजे आई.

"अव्वा, आज भाकरी चंद्रावानी झालीय."

"का रं?"

"मधी डाग हाय."

"डाग नको असंल तर बायकोच्या हातची खा जा."

"तिच्या भाकरीत चंद्रच न्हाय की अव्वा. नुसता डागच."

दत्ता हसून हसून ठसकायचा. दोघं एका ताटात जेवायचे. शिवाप्पा बरोबर असला की दत्ता दोन घास जास्त खायचा, हे मी बघितलेलं आहे.

त्या आठवड्यात शिवाप्पा पुतणीच्या लग्नाला गावी गेला होता. माझी सून तिच्या माहेरी. आदल्या सांजेला पाऊस असा कोसळला की दुकानामागच्या गोदामाचे पत्रे गळले. पाणी बोर्डापर्यंत आलं म्हणून दत्तानं मेन स्विच पाडला. पांढरा डबा काढून पिशवीतून घरी आणला. सारिकाला तसाही तिकडं दुसरा लावायचा होता. डबा तिनं माझ्या कपाटावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुकानाची सुट्टी. दत्ता सकाळी निघाला.

"पोती भिजलीत, हलवून येतो."

"शिवाप्पा न्हाय. एकटा काय हलवणार तू?"

"हलतील तेवढी हलवीन. जेवायला हाय मी."

एवढंच बोलणं.

दुपार झाली. मी परातीत पीठ घेतलं होतं. हॉर्न वाजला – दोन आखूड, एक लांब. मी तवा ठेवला, अजून दोन मुठी पीठ परातीत घेतलं. मनात म्हटलं, शिवाप्पा आला वाटतं लग्नाहून. गाडी यायची वाट बघितली. गाडी आली नाही. परत वाजला. तेव्हा कळलं की आवाज रस्त्यावरून येत नाही. आवाज घरातून, टेबलाखालून येतोय.

तेवढ्यात सारिकानं हाक मारली. "आज्जी, बाबांनी तिकडं काय लावलं का? वाशीचं टोक जोडलं गेलंय."

"लावलं असंल."

"काय लावतील? डबा तर तुझ्या कपाटावर हाय."

मी जाऊन डबा काढून आणला. पहिल्या ओळीत तुम्हाला सांगितलं ते इथंच.

सारिकानं दत्ताला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. तिचं एक बोट स्क्रीनवर होतं.

"आज्जी, हा आकडा बघ. एवढं ह्या डब्याला जमतच न्हाय. अगं, आपल्या तारेलाच एवढा वेग न्हाय."

रेघेला दोन लहान टेकाडं आली. मग एक मोठं, वरून सपाट, लांबच्या लांब. खाली पंखा तसाच घुमला.

"हा हॉर्न हाय," मी म्हणाले. "दत्ताचा."

सारिकानं माझ्याकडं बघितलं. वेड्यासारखं काय बोलतेस, असं म्हणणार होती, तेवढ्यात परत आवाज झाला. तिनं तो जन्मापासून ऐकलेला होता. तिचे हात टेबलावरून खाली आले.

"शिवाप्पा काका तर लग्नाला गेलेत…"

"मला काय ठाऊक. लांब वाजतोय का न्हाय?"

"वाजतोय."

"मग नानाला फोन लाव."

नाना म्हणजे दुकानासमोरच्या चहाच्या हॉटेलाचा मालक. त्यानं लगेच उचलला. मी फोन हातात घेतला.

"नाना, दत्ताची गाडी हाय का बघा दुकानापशी."

"हाय की काकू. पण शटर खाली हाय."

"कुलूप?"

पुढं जाऊन बघून आला. "कुलूप न्हाय."

"उचला शटर."

"काकू, गडी आत झोपला असंल. सुट्टीच्या दिवशी उठवलं म्हणून मला शिव्या घालंल."

"त्याच्या शिव्या माझ्याकडं लागल्या. उचला. आन ध्यानात ठेवा, आत दोघं हायत."

"दुसरा कोण?"

"शिवाप्पा."

"तो कुठला आलाय? परवा माझ्याकडंच च्या पिऊन एसटीत बसला की."

"नाना, दोघं हायत."

पुढं फोनमधून शटर वर गेल्याचा खडखडाट आला. त्याच वेळी टेबलाखालचा पंखा थांबला. हिरवा ठिपका गेला. मग नानाचा खोकला, कुणाला तरी मारलेली हाक, आणि फोन पडल्याचा आवाज.

मी गॅस बंद केला. सारिकानं स्कूटी काढली. मी मागं बसले.

नंतर नानानं सांगितलं ते असं. शटर उचललं तर आतून सडक्या लसणासारखा वास आला. बियाण्याला कीड लागू नये म्हणून पोत्यांच्या थप्पीत औषधाच्या गोळ्या ठेवतात. रात्रीच्या पाण्यात त्या भिजल्या आणि त्यांचा विषारी वायू झाला. सकाळी परत पावसाचा सडाका आला होता, झोत आत येऊ नये म्हणून दोघांनी शटर ओढून घेतलेलं. दत्ता शटरच्या आतल्या अंगालाच पडला होता, हात पत्र्याला लागलेला. नानानं त्याला ओढून बाहेर काढलं. लोक जमले. आत जाऊ नका, एकच होता, निघाला तो, असं सगळे ओरडत होते. नानाच्या डोळ्यांची आग होत होती, तोही बाहेरच थांबला असता.

"पण तुमी दोघं म्हणला होता, काकू."

त्यानं टॉवेल भिजवून तोंडाला बांधला आणि परत आत गेला. शिवाप्पा पार मागं, पोत्यांच्या आड. वरच्या झरोक्याची काच फुटलेली, तिथनं जरा वारा येत होता. त्याच्या खालीच तो पडला होता. बाहेरून दिसायचा प्रश्नच नव्हता. लग्न लवकर उरकलं म्हणून पहाटेच्या गाडीनं आला होता. स्टँडवरून घरी जाताना दत्ताची मोटारसायकल दिसली, आणि पिशवी ठेवून तसाच पोती उचलायला लागला. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. वाशीत घरी असलेल्या त्याच्या बायकोलासुद्धा.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. दत्ता गेला म्हणाले.

"आणताना गेला का?" मी विचारलं.

"न्हाई आजी. सकाळीच गेलेत ते."

"दुपारी न्हाय?"

"न्हाई. अंग ताठलंय त्यांचं. बराच वेळ झालाय."

मी परत तेच विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं. त्यांना वाटलं म्हातारीला ऐकू येत नाही. ऐकू येत होतं. दुपारी ज्यानं हॉर्न दिला तो सकाळीच गेलेला होता, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं. अजूनही नीट बसत नाही.

दत्ताचे दिवस झाल्यावर सारिका दुकानात जाऊन बघून आली. मेन स्विच दत्तानं पाडला तसाच पडलेला. तार भिंतीवर नुसती लोंबत होती, तिच्या टोकाला काही नाही. तिच्या कंपनीतल्या लोकांना तिनं विचारलं. ते म्हणाले, दुसऱ्या कुठल्या तरी मशीनमध्ये चुकून त्याच कुलपाची किल्ली गेली असेल. ती म्हणाली, कुठल्या? ते म्हणाले, बघून सांगतो. अजून बघतायत. तिनं पांढरा डबा परत लावला, या टोकाला, त्या टोकाला, दांडग्या कम्प्युटरला जोडून, लॅपटॉपला जोडून. चाळिशीच्या वर गेला नाही. त्याची ती ताकदच नाही.

गावातल्या बाया बसायला आल्या. त्यांच्या कानावर गेलेलं होतं. एक म्हणाली, "लेकरू आईला भेटून गेलं गं." बाकीच्यांनी डोळ्याला पदर लावला.

मी म्हणाले, "मला भेटायचं असतं तर दोन आखूड पुरले असते."

चहा झाला, गेल्या.

याचं कारण मला विचारू नका, माझ्याकडं नाही. सारिकाकडं नाही, तिच्या कंपनीकडं नाही. डबा कपाटावर आहे, कुंकवाच्या डागासकट. त्या दिवशी आत दोघं होते. वाचला तो शिवाप्पा.