धुतलेला स्वेटर

कपड्याच्या पिवळ्या साबणाचा वास आला की मला वरवंडमधलं शेजारच्या मावशींचं अंगण आठवतं. एकाहत्तरची लढाई संपून दोन महिने झाले होते. मावशींचा एकुलता एक मुलगा त्या लढाईत गेला. त्याचा देह गावाला आलाच नाही, आली ती फक्त त्याची काळी पत्र्याची ट्रंक. पुढं त्याच्यासाठी चावडीपुढं सभा ठेवली आणि शाल द्यायला म्हणून मावशींना नेलं. मी तेव्हा नवी सून होते. भाषणं मला जमणारी नव्हती, पण त्यांच्यासाठी काहीतरी करावं असं फार वाटत होतं. म्हणून मावशी सभेत असताना मी त्यांच्या घरी गेले, ट्रंकेतले सगळे कपडे काढले आणि विहिरीवर नेऊन घासून घासून धुतले. लोकरीचा मळका स्वेटर तर दोनदा धुतला. मावशी परतल्या तेव्हा तो तारेवर निथळत होता. त्यांनी तो ओढून नाकाशी धरला, मग उलटा करून पुन्हा धरला. "ह्याला त्याचा वास हुता गं," त्या हळू म्हणाल्या. "रोज सकाळी घेत हुते." मला रडू फुटलं. "मावशी, मला ठाऊक न्हवतं." "तुला कसं ठाऊक असंल? चांगल्यासाठीच केलंस पोरी," असं म्हणून त्यांनी स्वेटर परत तारेवर टाकला आणि बाह्या नीट सरळ केल्या. ती ट्रंक त्यांनी पुन्हा कधी उघडली नाही. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी आहे. दरवर्षी गाव त्याच्या फोटोला हार घालतं, पण माझं पाऊल तिकडं वळत नाही.