तिसऱ्या खांबावरची रेघ

पाताळगंगेवरच्या जुन्या दगडी पुलाच्या खांबांना बळकटीसाठी सिमेंटचं जाकीट घालायचं ठरलं, तेव्हा झोप उडाली ती श्रीपतची. पूल काही त्याच्या बापाचा नव्हता. पण बांधकाम खात्यात मैलकुली म्हणून पस्तीस वर्षं त्याने याच रस्त्यावर काढली. खड्डे बुजवायचे, गटारं उपसायची, पुलाच्या फटीत उगवलेले पिंपळ उपटायचे. आणि पूर ओसरला की शिडी लावून, पाणी कुठवर चढलं होतं तिथे तिसऱ्या खांबावर पांढरी रेघ ओढायची, शेजारी साल लिहायचं. मुकादमाने एकदा सांगितलं आणि मग ते काम त्याचंच होऊन बसलं.

त्या रेघा बघून गावाने गोठे बांधले, विहिरी खणल्या. कुणी वाद घातलाच, तर "श्रीपतची रेघ बघ जा," म्हटलं की तोंड बंद. साध्या मैलकुलीला एवढा मान! श्रीपतची छाती फुगायची, आणि का फुगू नये?

काय दिवस होते ते! घाटावर सकाळी सगळं गाव असायचं. एकदा खालच्या पायरीवर कपडे आपटणाऱ्या आपल्याच नव्या नवरीकडे, म्हणजे मालनबाईकडे, बघता बघता शिडीवरच्या श्रीपतच्या हातून रंगाचा डबा सुटून नदीत पडला होता. "आता चार दिवस पांढरं मासं घावतील!" असं म्हणत त्याच्या दोस्ताने, जलालने, ती गोष्ट खोपोलीपर्यंत पोचवली. जलाल टेंपो चालवायचा, त्यामुळे बातमीला भाडं पडत नसे. आता दोघांनी साठी ओलांडली होती. पायऱ्यांचे दगड निखळले होते, तरी संध्याकाळी दोघं तिथेच नदी बघत बसायचे. श्रीपतला दुसरं सुख नको होतं.

पुलाबरोबर घाटही दुरुस्त होणार होता. इंजिनियर अपेक्षा मॅडम नकाशा घेऊन आल्या. त्यात घाटाच्या कडेने पूर अडवणारी भिंत होती, आणि ती एवढी उंच की पायरीवर बसलं तर समोर फक्त सिमेंट.

जलाल भडकला. "नदी बघाया आता शिडी लावायची काय? कुन्या गाढवानं काढली ही उंची?"

"काकांच्या रेघेवरून," मॅडम म्हणाल्या. "एकोणनव्वदची रेघ सगळ्यात वर आहे. नंतरचं पाणी तिथवर कधी आलंच नाही."

जलाल तिथल्या तिथे थंड झाला. "मंग बरोबरच असंल. श्रीपतची रेघ खोटी नसती."

श्रीपतला पायाखालची पायरी सरकल्यासारखं झालं. कारण ती एकच रेघ खोटी होती.

एकोणनव्वदला पुराने नदीकाठची चार घरं धुतली, त्यात श्रीपतचंही होतं. वरच्या सात घरांच्या उंबऱ्याखाली पाणी थांबलं, पण ती पुढच्या पुरात जाणार हे कुणालाही दिसत होतं. सरकारी साहेब येऊन सांगून गेले, की खांबावरची रेघ बघून, पाणी लागलं त्यांनाच माळावर जागा. दुसऱ्या दिवशी श्रीपत शिडीवर चढला आणि त्याने रेघ दीड हात वर ओढली. पुराच्या रात्री सगळे घरं सोडून पळाले होते आणि गळक्या छपरांनी घरं आतून भिजलेलीच होती, म्हणून कुणाला शंका आली नाही. अकराच्या अकरा घरं माळावर गेली. त्याने हे मालनबाईलाही कधी सांगितलं नाही.

आता सांगितलं तर पस्तीस वर्षांची अब्रू जाणार. नाही सांगितलं तर गावाची नदी भिंतीआड जाणार, आणि तिसरा खांब तर उद्याच सिमेंटखाली. सकाळी तो तारेचा ब्रश घेऊन पुलाखाली गेला. मॅडम होत्या, मजूर होते, नेहमीसारखा फुकटची देखरेख करणारा जलालही होता.

"मॅडम, ती रेघ खोटी हाय. मीच मारली."

त्याने शिडी लावली आणि रेघेखाली दीड हातावरचं शेवाळ खरवडलं. दगडात छिन्नीने कोरलेली फुली निघाली. "पानी हितवर होतं. रंग वर दिला, पन दगडाशी खोटं बोलवंना."

मॅडमनी फुली मोजली, आकडा बदलला, नकाशातली भिंत खाली आली. जलाल मात्र पाठ फिरवून निघून गेला. सात घरांतलं पाचवं त्याचंच होतं.

त्यानंतर महिनाभर श्रीपत घाटावर फिरकला नाही. पुलाचं जाकीट घालून झालं. नव्या सिमेंटवर जुन्या रेघा पुन्हा काढायच्या होत्या. मॅडमनी निरोप पाठवला, मालनबाई "अवो, जावा की" म्हणून थकली. शेवटी दारात जलाल उभा राहिला, खांद्यावर शिडी घेऊन.

"चल रं."

"मी नाय येत. माझी रेघ आता कोन खरी मानील?"

जलालने शिडी भिंतीला टेकवली. "आमच्या आयेला शेवटची बारा वर्सं कोरडं अंथरून मिळालं. तवा म्हनायची, अल्लानं माळावर आनलं. तुझं नाव तिला सांगाया पायजे होतं, ते ऱ्हायलं." त्याने शिडी पुन्हा खांद्यावर घेतली. "मी मानतो. ऊठ."

श्रीपत उठला. एकोणनव्वदची रेघ त्याने तिच्या खऱ्या जागी ओढली. ब्रशमधून पांढरे थेंब खाली पडत होते. ते जलालच्या टोपीवर पडले, सदऱ्यावर पडले. रेघ पुरी होईपर्यंत जलालने खालून शिडी धरलेले दोन्ही हात काढले नाहीत.