वीस वॉटचे हिटरकाका

आमच्या शेजारचे हिटरकाका गाणं ऐकायच्या तासभर आधी अ‍ॅम्प्लीफायर चालू करून ठेवत आणि चुलीवर आधण ठेवल्यासारखे त्याच्यासमोर बसून राहत. सुप्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेली माणसं शेतीत लक्ष घालतात, नाहीतर राजकारणात. काकांनी स्वतःच्या हातानं क्लास ए पुश-पुल अ‍ॅम्प्लीफायर बांधला. तो इतका तापे की गल्लीनं काकांचं नव्यानं बारसंच करून टाकलं.

"गाणं नसताना कशापायी तापतोय?" असं कुणी विचारलं की काका खुलत. "आत दोन ट्रान्झिस्टर हायेत. एक ढकलतो, एक वढतो. दुसऱ्या मशिनीत एकाची पाळी आली की दुसरा झोपतो आन् पाळी बदलताना आवाज खरवडतो. हितं दोघंबी कायम जागे!" गाणं सुरू झालं की थोडी वीज स्पीकरकडे जाते, म्हणून हा पठ्ठ्या उलट जरा थंड होतो, हेही ते सांगत. काकांचंही तसंच होतं. गप्प बसले की समजावं, आतून तापलेत.

"दोघं जागं ऱ्हात्यात म्हनं!" काकू स्वयंपाकघरातून ऐकवत. "घरात मी एकलीच ढकलते आन् एकलीच वढते." थंडीत मात्र विरजण लावलेलं पातेलं त्या गुपचूप अ‍ॅम्प्लीफायरवर आणून ठेवत. अख्ख्या गल्लीत कुणाचं दही लागत नसे, तेव्हा काकूंचं कवडीसारखं घट्ट लागे. काकांच्या यंत्राचा घराला झालेला फायदा तेवढाच.

एकदा त्यांचा डीजेवाला भाचा आला. "मामा, किती वॉटचा?"

"वीस."

"वीस हजार?"

"वीस."

भाचा पोट धरून हसला. "आन् वीज किती घेतो?"

"शंभराच्या वर."

"मग मधलं कोन खातं?"

"खात न्हाई कुनी. तापन्यात जातंय."

हे उत्तर ऑडिटच्या वेळी आमच्या गावच्या पुढाऱ्यांना सुचलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

काकांना भाच्याच्या हसण्याचं काही नव्हतं. त्यांना ऐकवायचं होतं ते एकट्या काकूंना. "एक गानं बसून ऐक की," ते म्हणत. "ऐकते की, भाकरी थापता थापता," काकू म्हणत. शेवटच्या दुखण्यातही काकांनी तेवढंच मागितलं. काकू बसल्यादेखील होत्या, पण गोळीची वेळ झाली म्हणून उठल्या.

काका गेले त्याला आता वर्ष होत आलं. परवा, मे महिन्याच्या उकाड्यात, संध्याकाळी मी काकूंकडे गेलो, तर अ‍ॅम्प्लीफायर चालू. समोर काकू, हात रिकामे, मांडीवर.

"काकू, एवढ्या उन्हाळ्यात?"

"दही लावलंय."

अ‍ॅम्प्लीफायरवर पातेलं नव्हतं. मी गाणं लावायला पुढं झालो, तशी काकूंनी माझा हात धरला.

"थांब. पुरता तापू दे."