सागवानी बटण

वणीच्या एका साहेबाशी मी दीड तास घासाघीस केली आणि जिंकलो, असं मला वाटलं. त्याची बदली झाली होती, सामान बांधणं चालू होतं आणि घरातला जुना कॉम्प्युटर त्याला विकायचा होता. कीबोर्डच्याच पोटात सगळं यंत्र आणि वायर टीव्हीला जोडायची, अशी ती वस्तू. त्यानं सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यात मी ती उचलली. दारव्ह्याला येऊन जोडली, तर चार बटणं मेलेली. त्यात ‘ए’सुद्धा. म्हणजे मी भाव पाडला नव्हता, त्यानं पाडू दिला होता. नुसतं फसवलं असतं तर मी विसरलो असतो. जिंकल्याचा आनंद देऊन फसवलं, ते अजून सलतं.

तेव्हा माझा टायपिंगचा वर्ग होता. कापसाचे बोरे पाठीवर वाहून मी वर आलो होतो. चार टाइपरायटर भांडभांडून मिळवले होते. पण त्या वर्षांत कापसाचा भाव पडला होता, आणि कापूस पडला की तालुक्यात टायपिंगही पडतं. चार यंत्रांवर दोन पोरं बसायची. कॉम्प्युटरचा वर्ग निघाला तरच खोली टिकणार होती.

ओळखीचा एक जीपवाला म्हणाला, “बाजाराच्या दिवशी पोरीले घेऊन येतो. टीव्हीवर तिचं नाव आलं, तर आमच्याकडच्या दहा पोरी माझ्याच जीपनं आणतो. नाही आलं, तर तुमचं डबडं तुमच्यापाशी.”

पोरीच्या नावात ‘ए’ तीनदा येत होता आणि बाजाराला चार दिवस होते.

टाइपरायटर अडकला की तेल सोडायचं, एवढं मला येत होतं. शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेतली आणि मेलेल्या बटणांच्या फटीत सोडलं. शेजारच्या बटणांनाही थोडं पाजलं. सकाळी मेलेली बटणं चाराची अकरा झाली. डोकं फिरलं. साहेबाला शिव्या घालत ‘ए’खाली स्क्रूड्रायव्हर खुपसला, तर बटणाच्या टोपीचे दोन तुकडे झाले.

यवतमाळच्या दुकानदारानं वस्तूकडे पाहिलंसुद्धा नाही. “याचं सामान आता मिळत नाही,” म्हणाला. स्टँडवर परतताना विचार केला, पट्ट्या दाबून चालणारी दुसरी कोणती चीज लोक दुरुस्त करून घेतात? आणि दारव्ह्याऐवजी कळंबची बस धरली. तिथं एक पेटीमास्तर होते. भजनी मंडळांच्या, भीमगीतं गाणाऱ्यांच्या, कव्वालांच्या, सगळ्यांच्या पेट्या त्यांच्याकडे दुरुस्तीला यायच्या.

“किती घ्याल?” मी दारातूनच विचारलं.

“चपला तर काढा.”

“आधी भाव.”

“आधी भाव मी सांगत नाही. काम झालं का तुमीच सांगा.”

असल्या माणसाशी भांडायचं कसं, हेच मला कळेना. चपला काढल्या.

त्यांनी मागचे स्क्रू सोडवले, बोट आत फिरवून नाकाशी नेलं. “कोनं खराब केलं?”

“वणीच्या साहेबानं.”

“साहेब शिलाई मशीन चालवे का?”

मी भिंतीशी ठेवलेल्या पेट्या मोजू लागलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पांढऱ्या फडक्यावर त्यांनी प्रत्येक बटण, त्याची स्प्रिंग आणि खालचा दट्ट्या जशाच्या तशा रांगांत मांडला. प्रत्येक दट्ट्याच्या टोकाला वीज जोडणारा काळा ठिपका होता. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून ते एकेक ठिपका पुसत होते, बाळाचे कान पुसावेत तसे. माझी सात उठली. साहेबाची चार काही उठेनात; त्यांचे ठिपके वापरून झिजले होते.

“पेटीत मधले सूर आधी मरतात,” मास्तर म्हणाले. “टोकाचे कोनी वाजवतच नाही. मंग मी टोकाचे काढून मधात बसवतो. याच्यात टोकाचे कोनते?”

इतक्या वर्षांची बोटं माझी. विचार न करता क्वचित लागणारी चार दाखवली. त्या चारांचे दट्ट्ये मधल्या चारांत गेले.

“पण मग ती चार मेली ना?”

“निजली म्हना. तिकडे कोन जाऊन राह्यलं?”

राहिली फुटलेल्या ‘ए’ची टोपी. जुन्या पेटीच्या सागवानी फळीचा तुकडा घेऊन ते कानशीनं घासायला बसले. शेजारच्या बटणाशी लावून बघायचे, पुन्हा घासायचे. बोट टेकतं तो खोलगटपणा, पुढचा उतार, सगळं डोळ्यांनी नाही, अंगठ्यानं मोजत होते. दुपार गेली. शेवटी म्हणाले, “डोळे मिटा अन् दाबा. लाकूड कुठं हाय, सांगा.”

‘ए’ डाव्या करंगळीखाली असतो, हे मला झोपेतही ठाऊक. तरी करंगळीला लाकूड जाणवलं नाही. माझ्या बोटांना तोवर कोणी फसवलं नव्हतं, आणि त्या दिवशी फसल्याचा मला राग आला नाही.

बाजाराच्या दिवशी जीपवाला दाराशी हाताची घडी घालून उभा राहिला. पोरीनं एका बोटानं एकेक अक्षर शोधलं. तिसरा ‘ए’ आला, नाव पूर्ण झालं. बाप हाताची घडी सोडून टीव्हीजवळ आला. मग म्हणाला, “पुसून पुन्हा कर वं.” तिनं पुन्हा केलं. सोमवारी जीप माझ्या दाराशी थांबली. पोरी मोजायला मी बाहेर गेलो, तर अकरा होत्या.

त्याच आठवड्यात कळंबला गेलो. बसमध्ये मी स्वतःशीच भाव करत होतो, आणि दोन्हीकडून मीच चिडत होतो. साहेबाला दिली होती तेवढीच रक्कम मास्तरांना सांगितली.

“लई होते,” ते म्हणाले.

“एक पैसा कमी करणार नाही!”

“कमी करा.”

“नाही म्हटलं ना!”

“अर्ध्यावर या, नाही तर राहू द्या.” आणि त्यांनी पुढ्यातल्या पेटीचा भाता उघडून हवा सोडली.

मी निम्म्यावर आलो. साहेबावरचा राग गेलेला नाही, पण तो आता चार बटणांचाच आहे. बाकीची सात माझी, हे मास्तरांनी कधीच कोणाला सांगितलं नाही.