बायने अंग सैल सोडलं तेव्हा

भावजींचा फोन आला तेव्हा मी पापडीच्या बाजारात वांगी निवडत होते. "लुसी, ये," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "घाई करू नको." गेली तीन वर्षं त्यांचा प्रत्येक फोन 'लवकर ये' असाच असायचा. बायला ठसका लागलाय, लवकर ये. बायचा पाय आखडलाय, लवकर ये. 'घाई करू नको' हे त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं, आणि मला काय ते समजलं. हातातली वांगी मी परत टोपलीत ठेवली. भाजीवाली माझ्या जुन्या विद्यार्थिनीची आई. तिने विचारलं, "काय झालं टीचर?" मी म्हणाले, "काही नाही, बहीण गेली." 'काही नाही' असं माझ्या तोंडून का आलं, याचा विचार मी गेले सहा आठवडे करते आहे.

बाय म्हणजे माझी थोरली बहीण रेजिना. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. आमची आई दम्याने अंथरुणाला खिळलेली असायची, त्यामुळे माझी वेणी घालण्यापासून माझ्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या विधीचा पांढरा झगा शिवण्यापर्यंत सगळं बायनेच केलं. पुढे भुईगावात तिचं लग्न झालं. भावजींची, म्हणजे सायमनची, तिथे पानवेलीची वाडी. बाय तिथल्या मातीत अशी काही रुजली, की दोन वर्षांत सासरचे लोक तिला विचारल्याशिवाय विहिरीवरचा पंपही बदलेनात. गावात कुणाचं लग्न असलं की इंदेलच्या, म्हणजे डुकराच्या आंबट-तिखट कालवणाच्या, मसाल्याला तिचाच हात लागायचा. कुणी आजारी असलं तर पेजेचा डबा घेऊन ती हजर. पण तिच्यासाठी कुणी काही केलेलं मात्र तिला खपायचं नाही. बाजारातून येताना तिच्या दोन्ही हातांत पिशव्या असायच्या. एक माझ्याकडे दे म्हटलं तर म्हणायची, "तू आपली पर्स सांभाळ." आमच्यात हे भांडण शेवटपर्यंत चाललं... म्हणजे तिच्या हातांनी साथ सोडेपर्यंत.

तिला एकच मूल, अँजेला. नऊ वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला आणि चार दिवसांत ती गेली. त्यानंतर बायला मूल झालं नाही. लोकांनी त्या वेळी जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. देवाला चांगली फुलं लवकर लागतात, असंही एकीने ऐकवलं. महिन्याभरात बाय पुन्हा चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेला जायला लागली, पुन्हा डबे पोहोचवायला लागली, आणि सगळ्यांनी म्हटलं, केवढी श्रद्धा बाईची. मीही तसंच म्हणत होते. मग एका रविवारी मी तिच्या शेजारी उभी होते. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना चालू होती. बायचा आवाज खणखणीत, दोन बाकं पुढे ऐकू जाणारा. आणि 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही ओळ आली तेव्हा तो आवाज बंद झाला. पुढच्या ओळीला परत सुरू झाला. मला वाटलं, घसा बसला असेल. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. ओठ घट्ट मिटलेले.

कितीतरी वर्षांनी, एकदा वाडीत आम्ही दोघीच असताना, मी तिला त्या ओळीबद्दल विचारलं. ती विहिरीच्या कठड्यावर बसून पाय धूत होती. वर न बघताच म्हणाली, "एकदा म्हटलं होतं ना. हॉस्पिटलच्या जिन्यात बसून. अँजी आत होती तेव्हा. अगदी मनापासून म्हटलं होतं." मग पायावर आणखी एक तांब्या ओतला आणि म्हणाली, "चल, भात करपेल." मी शाळेत धर्मशिक्षणाचा तास घ्यायचे. देवावर विश्वास म्हणजे काय, या प्रश्नाचं उत्तर मी मुलांना फळ्यावर लिहून देत असे. त्या दिवशी विहिरीपाशी त्यातला एक शब्दही मला आठवला नाही.

आजाराची सुरुवात चपलेपासून झाली. उजव्या पायातली चप्पल सारखी निसटायची आणि बाय चपलेलाच शिव्या घालायची. मग हातातून कप सुटायला लागला. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्यावर आम्हाला तिघांनाही समोर बसवलं आणि सांगितलं की हा मज्जातंतूंचा आजार आहे, एकेक स्नायू दुबळा होत जाईल, डोकं मात्र शेवटपर्यंत साफ राहील. बरं करणारं औषध नाही. भावजींनी विचारलं, "मग आम्ही काय करायचं?" डॉक्टर भला माणूस होता. तो म्हणाला, "त्यांच्यासोबत राहायचं." परत येताना गाडी नायगावच्या खाडीवर आल्यावर बाय म्हणाली, "डोकं साफ राहील म्हणतो. तेच जरा आधी गेलं असतं तर बरं होतं."

मग लोक यायला लागले. कुणी मंतरलेलं तेल आणलं, कुणी दूरच्या तीर्थाचं पाणी. एक बाई प्रार्थनागटातली, मनाने वाईट नव्हती, पण बायच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "रेजिनाबाय, विश्वास कुठेतरी कमी पडतोय. नाहीतर देव ऐकत नाही असं होत नाही." ती गेल्यावर बाय भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दोन दिवस जेवली नाही. तेव्हा मला त्या बाईचा इतका राग आला, की मी आमच्या नव्या फादरकडे जाऊन जवळजवळ भांडलेच. फादर तरुण, नुकतेच आलेले. त्यांनी फक्त ऐकून घेतलं आणि संध्याकाळी सायकलवरून भुईगावला आले. बायने त्यांना बसूही दिलं नाही. "फादर, मी काय केलं होतं? माझी पोर का नेली? आता हे का?" तेव्हा तिला बोलता येत होतं, शब्द जरा जड व्हायला लागले होते इतकंच. फादरांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता प्रवचन येणार. ते म्हणाले, "मला माहीत नाही, आंटी." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाय त्यांच्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "लुसे, फादरला चहा दे. उन्हातून आलाय तो." त्यानंतर ते दर शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद घेऊन येत राहिले.

दुपारी बायचं सगळं मी करायचे. भावजी वाडीत असत, मी निवृत्त झालेली, पापडीहून रिक्षाने येत असे. तिला पलंगावरून खुर्चीत घ्यायचं काम सर्वांत कठीण. वजन फार नव्हतं, पण ती अंग ताठ धरायची. आपण स्वतःच उठतोय असं दाखवायचा तिचा शेवटचा हट्ट होता तो. "बाय, अंग सैल सोड गं, मला जमत नाही," मी रोज सांगायचे. "सोडते, सोडते," म्हणायची आणि आणखी ताठ व्हायची. एका गुरुवारी मी खुर्चीचा ब्रेक लावायला विसरले. तिला अर्धं उचललं आणि खुर्ची मागे सरकली. ती ताठ, मी घाबरलेली... माझ्या हातांतून ती निसटली. फरशीवर खांद्यावर पडली. तिला ओरडताही नीट आलं नाही. घशातून एक बारीकसा आवाज आला फक्त. तो मी अजून ऐकते.

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. पट्टा बांधला, सहा आठवडे तो हात हलवायचा नाही. आधीच जिच्या अंगाला एवढी पीडा, तिला मी आणखी एक दिली. मी घरी आले आणि नऊ दिवस भुईगावला गेले नाही. भावजींना सांगितलं की मला ताप आहे. जूचंद्रहून एक नर्स बाई लावून दिली. रोज सकाळी रोझरीची माळ हातात घ्यायचे आणि तशीच ठेवून द्यायचे. देवाला काय सांगणार होते? मला माफ कर? की तू कुठे होतास? दोन्ही गोष्टी एकदमच मनात यायच्या आणि मी उठून भांडी घासायला लागायचे.

दहाव्या दिवशी भावजींचा फोन. "तुझा ताप उतरला असेल तर ये. ती त्या नर्सला हात लावू देत नाय." मी गेले. बाय पलंगावर, पट्ट्यात, चेहरा सुकलेला. मला बघून तिने डोळ्यांनी नर्सला बाहेर जायला सांगितलं. तोवर तिचं बोलणं बरंचसं गेलं होतं, घरच्या माणसालाच कळायचं. म्हणाली, "तू... उचल."

"नाही बाय. मी नाही. मी पाडलं तुला."

"पाडलं." तिने मान्य केलं. मग दम घेतला. "देवान पन पाडलंय मला. दोनदा." पुन्हा दम घेतला. "म्हनून... दुसऱ्या कोनाच्या हातात जाऊ? कोन हाय दुसरा?"

मला रडू आवरेना. ती थांबून राहिली, जशी लहानपणी माझं रडं संपेपर्यंत वेणीची फणी हातात धरून थांबायची. मग मी ब्रेक लावला. दोनदा तपासला. तिच्या काखेतून हात घातले, मोडक्या बाजूला उशी धरली आणि म्हणाले, "चल." आणि बायने अंग सैल सोडलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तिचं डोकं माझ्या खांद्यावर येऊन टेकलं, हात लोंबले, आणि ती अशी हलकी झाली की मला भीतीच वाटली. खुर्चीत बसवल्यावर दोघीही धापा टाकत होतो. "जमलं," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी भावजी वाडीतून आल्यावर आम्ही नेहमीसारखी प्रार्थना म्हटली. ती ओळ जवळ आली तशी सवयीने मी आवाज बारीक केला, तिला एकटं पडल्यासारखं वाटू नये म्हणून. आणि खुर्चीतून तो जड, घसरलेला आवाज आला. शब्द ओळखू येत नव्हते. परक्याला वाटलं असतं बाई कण्हते आहे. पण भावजींनी हातातली रोझरी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. त्यांनाही इतकी वर्षं ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं. बायचा चेहरा आनंदी वगैरे नव्हता. लहान मूल कडू औषध गिळतं, तसा होता. पण तिने ती ओळ पूर्ण केली, आणि दुसऱ्या दिवशीही केली, आणि आवाज होता तोवर रोज केली.

इथे मला लिहावंसं वाटतं की त्यानंतर तिला शांती मिळाली आणि दुखणं हलकं झालं. तसं झालं नाही. हाड कसंबसं जुळलं, पण आजार थांबला नाही. आवाज गेला, मान धरेना, गिळता येईना. शेवटच्या शुक्रवारांना फादर ख्रिस्तप्रसादाचा कणभर तुकडा चमच्यातल्या पाण्यात भिजवून तिच्या जिभेवर ठेवायचे आणि तो खाली उतरेपर्यंत आम्ही सगळे श्वास रोखून उभे राहायचो. कधीकधी ती घाबरायची, डोळे मोठे करून भावजींना शोधायची. विश्वास ठेवणारी माणसं घाबरत नाहीत, असं मी मुलांना शिकवलं होतं. ते चूक होतं. बाय घाबरायची आणि तरी अंग सैल सोडायची. रोज नव्याने सोडायची. मी तिची काहीच पीडा कमी करू शकले नाही. ओठ ओले करणं, कूस बदलणं, माश्या वारणं... एवढ्यापुरतीच मी तिच्या उपयोगाची होते.

गेली ती सकाळी. भावजी तिचं तोंड पुसत होते. एक श्वास आला, आणि पुढचा आला नाही. तिच्या अंत्यविधीच्या मिस्सेला चर्च भरून माणसं होती. सगळ्यांसोबत मी प्रार्थना म्हणायला लागले आणि त्या ओळीपाशी माझे ओठ मिटले. मी ठरवलं नव्हतं. अजूनही ते उघडत नाहीत. फादरांना सांगितलं तर ते म्हणाले, "टीचर, तुम्ही नुसत्या उभ्या राहा. बाकीचे म्हणतायत ना." सध्या मी नुसती उभी राहते.

परवा दुपारी भुईगावला गेले. भावजींनी वाडीतून पानं खुडून आणली होती. त्यांच्या ओट्यावर छान उजेड असतो, वारा असतो. सगळे शेजारी आपापल्या ओट्यावरच पानं निवडायला बसतात. भावजींनी मात्र टोपली उचलली आणि आतल्या खोलीत नेली, जिथे बायचा पलंग होता. पलंग आता नाही. खोलीत जेमतेम उजेड. ते भिंतीला टेकून बसले आणि एकेक पान डोळ्यांजवळ नेऊन, फाटकं आहे का बघत, चवड लावू लागले. ती आजारी पडल्यापासून ते तिथेच बसायचे. मी म्हणाले, "भावजी, बाहेर बसा ना. इथे दिसत नाही."

"बसू बाहेर," ते म्हणाले. "एवढी टोपली होऊ दे."

टोपली संपली. ते उठून दुसरी घेऊन आले आणि परत तिथेच बसले. मग मीही पदर खोचला, त्यांच्यासमोर फरशीवर बसले आणि ओल्या फडक्याने पानं पुसून त्यांच्या हातात देऊ लागले. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो होतो.